४.२ की ४.५ व्होल्ट? जास्त व्होल्टेजला कॅथोडच्या आत काय होतं ते स्वतः कसं बघायचं

सोलापुरात नव्या पेठेतल्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जा आणि काढून ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्यांवरचं छापील तेवढं वाचा. (फुगलेली असेल तर लांबूनच वाचा. टोचायची नाही, वाकवायची नाही, घरी तर आणायचीच नाही.) जुन्या बॅटरीवर ३.७ व्होल्ट आणि चार्जिंगची मर्यादा ४.२ व्होल्ट दिसेल. त्यानंतरच्या पिढीवर ३.८ आणि ४.३५. अलीकडच्यांवर ३.८५ च्या आसपास आणि मर्यादा ४.४ किंवा थोडी वर. आतला कॅथोड (बॅटरीचा धन बाजूचा इलेक्ट्रोड) मात्र बहुतेक वेळा तोच आहे, लिथियम कोबाल्ट ऑक्साइड. १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटानं तो कॅथोड म्हणून पुढे आणला, १९९१ मध्ये सोनीनं त्याची बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं. मग इतकी वर्षं ४.२ वर अडलेली मर्यादा नंतर वर सरकली कशी आणि ती आधी अडली होती कशामुळे?

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला ‘बॅटरी’ हा विषय घेऊन बसलेल्यांसाठी हे लिहितोय. दरवर्षी एक प्रसंग ठरलेला. विद्यार्थी ४.५ व्होल्टपर्यंत चार्ज करतो, पहिल्या दिवशी कपॅसिटी बघून खूश होतो, तिसाव्या सायकलला (एक चार्ज आणि एक डिस्चार्ज म्हणजे एक सायकल) आलेख घसरलेला असतो आणि रिपोर्टमध्ये एकच वाक्य येतं, ‘संरचना कोसळली’. कोणती संरचना, किती कोसळली आणि ती कोसळलीच हे कशावरून? ते शोधायचा क्रम खाली देतोय.

आधी विचारा: कुणाच्या तुलनेत?

कॅथोडला एकट्याचं व्होल्टेज नसतं. आपण कॉइन सेलमध्ये (चाचणीच्या नाण्याएवढ्या बॅटरीत) समोर लिथियम धातूची चकती ठेवतो, म्हणून आपला ४.५ हा लिथियमच्या तुलनेतला असतो. मोबाइलच्या बॅटरीत समोर ग्रॅफाइट असतं आणि चार्ज झालेलं ग्रॅफाइट लिथियमपेक्षा साधारण ०.१ व्होल्ट वर बसतं. म्हणजे मोबाइलवर ४.४ छापलेलं असेल तेव्हा आतला कॅथोड साधारण ४.५ भोगत असतो. दोन शोधनिबंधांची तुलना करताना हे ०.१ विसरलात तर एकाचं मटेरियल उगाच वाईट ठरतं. वहीत प्रत्येक आकड्यापुढे ‘लिथियमच्या तुलनेत’ की ‘पूर्ण सेल’ एवढं लिहायची सवय लावा.

मग मोजा: किती लिथियम बाहेर काढलं?

व्होल्टेज वाढवणं म्हणजे कॅथोडमधून आणखी लिथियम ओढून काढणं. किती, ते कागदावर काढता येतं. २६,८०१ ला मटेरियलच्या रेणुभारानं भागा, ग्रॅममागे किती मिलिअँपिअर-तास (एमएएच) मिळू शकतात ते येतं. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा रेणुभार ९७.८७, म्हणून उत्तर सुमारे २७४. हे सगळंच्या सगळं लिथियम काढलं तर. ४.२ व्होल्टला प्रत्यक्षात मिळतात सुमारे १४०, म्हणजे निम्मंच लिथियम वापरलं जातं. उरलेलं निम्मं आत बसून थरांना आधार देत असतं. मर्यादा वर नेण्याचा सगळा मोह याच उरलेल्या निम्म्याचा.

आता आठ भाग निकेल, एक मँगनीज, एक कोबाल्टवाल्या एनएमसी ८११ चा हिशेब करा. सैद्धांतिक उत्तर जवळपास तेच येतं, २७५. पण ४.३ व्होल्टला पहिल्याच चार्जमध्ये २२० च्या आसपास निघतात. त्याच व्होल्टेजला निकेलवाला कॅथोड कोबाल्टवाल्यापेक्षा कितीतरी जास्त रिकामा झालेला असतो. म्हणून ‘४.३ म्हणजे सुरक्षित’ असं सरसकट म्हणता येत नाही. व्होल्टेज सारखं असलं तरी पोट वेगळं रिकामं होतं.

एक खाचखळगा: ४.४ च्या वर गेल्यावर मोजलेला सगळा चार्ज लिथियम काढण्यातच खर्च झाला असं धरू नका. थोडा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन वाहून नेणारा द्रव, जाळण्यात जातो. चार्ज २४० आणि लगेचचा डिस्चार्ज १९५ आला तर मधल्या ४५ चा जाब द्यावा लागतो.

चाटी गल्लीतली थप्पी

आता डोळ्यांपुढे चित्र आणा. आपल्याकडे ते आणायला फार लांब जावं लागत नाही. चाटी गल्लीत दुकानदार चादरींच्या घड्या एकावर एक रचून ठेवतो. प्रत्येक चादर म्हणजे ऑक्सिजन-धातू-ऑक्सिजन असा एक पक्का विणलेला थर. दोन चादरींच्या मधल्या फटीत लिथियमचे आयन. चार्ज करताना ते फटीतून निघून जातात, डिस्चार्जला परत येतात. चादर विणलेली राहते आणि फट तेवढी भरते-रिकामी होते.

आता लिथियम काढायला लागा. नवख्याला वाटतं, मधलं सामान काढलं की थप्पी खाली बसेल. होतं उलट. लिथियमचा धन भार मधे असतो तोवर वरच्या आणि खालच्या थरातले ऋण भाराचे ऑक्सिजन एकमेकांना सहन करतात. तो मध्यस्थ गेला की ते एकमेकांना ढकलतात आणि थप्पी फुगते. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमध्ये सी अक्षाची (थरांना उभ्या दिशेची) लांबी १४.०५ अँगस्ट्रॉमवरून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) निम्म्या लिथियमपर्यंत सुमारे १४.४ पर्यंत जाते. त्याच सुमारास, ४.१५ व्होल्टजवळ, उरलेले लिथियम आणि रिकाम्या जागा ओळीनं मांडल्या जातात आणि स्फटिकाचा आकार किंचित तिरका होतो. तो बदल सौम्य आहे, परतताना सुटतो.

खरी गंमत निम्म्याच्या पुढे. धातूकडे देण्यासारखे इलेक्ट्रॉन उरत नाहीत तसा ऑक्सिजनही आपले इलेक्ट्रॉन द्यायला लागतो, त्याचा ऋण भार कमी होतो, ढकलाढकली थांबते आणि फुगलेली थप्पी बसायला लागते. ४.५५ व्होल्टच्या आसपास लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे थर नुसते बसत नाहीत, बाजूला सरकतात. आधीच्या रचनेला ओ-३ म्हणतात, कारण तीन थरांनंतर नमुना पुन्हा येतो. पूर्ण रिकाम्या रचनेला ओ-१ म्हणतात. आणि मधे एच१-३ नावाची एक संकरित अवस्था येते, ज्यात एक फट भरलेली, एक रिकामी. १९९६ मध्ये अमातुच्ची, तारास्कॉन आणि क्लाइन यांनी सगळं लिथियम काढून ती ओ-१ रचना पकडून दाखवली. तिथं दोन थरांतलं अंतर ४.२९ अँगस्ट्रॉम आहे, मूळ मटेरियलमध्ये ४.६८ होतं. आठ टक्क्यांहून जास्त आकसणं, ते एकाच दिशेनं आणि कणाच्या सगळ्या भागात एकाच वेळी नाही. ठिसूळ ऑक्साइडला हे झेपत नाही.

निकेलवाल्या मटेरियलची गोष्ट थोडी वेगळी. त्यात थर सहसा सरकत नाहीत, दबतात. अवस्थांची नावं एच१, एम, एच२, एच३ अशी, आणि एच२ वरून एच३ कडे जाणं लिथियमच्या तुलनेत साधारण ४.२ व्होल्टला सुरू होतं. त्यानंतर सी अक्ष झपाट्यानं कमी होतो. हे कण आधीच शेंगेच्या लाडवासारखे असतात. दहाएक मायक्रॉनचा गोळा आणि त्यात काही शे नॅनोमीटरचे दाणे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून चिकटलेले. प्रत्येक दाणा आपल्याच दिशेनं आकसतो, मग लाडू दाण्यांच्या सांध्यांवर तडकतो. भेगेतून इलेक्ट्रोलाइट आत शिरतं आणि जे फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर चाललं होतं ते आत सुरू होतं.

ते ‘जे’ म्हणजे काय, हे नीट धरून ठेवा. थर फुगणं, बसणं, सरकणं हे घडी विस्कटण्यासारखं आहे. लिथियम परत आलं की बहुतांशी परत जागेवर येतं. पण पृष्ठभागाजवळ दुसरंच काही होतं. जास्त चार्ज झालेलं निकेल फार अधाशी असतं, ते ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन ओढतं, थोडा ऑक्सिजन सुटून जातो आणि सुटे झालेले निकेलचे आयन लिथियमच्या रिकाम्या जागांत जाऊन बसतात. दोन धन भाराच्या निकेल आयनची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम, लिथियमची ०.७६, म्हणजे जागा जवळजवळ मापाचीच. थरांची रचना आधी स्पिनेल नावाच्या दुसऱ्याच स्फटिक रचनेसारखी आणि शेवटी खड्या मिठासारखी होते, तिला रॉक सॉल्टच म्हणतात. इथं धागाच तुटलेला आहे. गेलेला ऑक्सिजन परत येत नाही, फटीत बसलेलं निकेल उठत नाही आणि त्या कवचातून लिथियमला वाट मिळत नाही.

कोणत्याही निकालाकडे बघताना हाच प्रश्न विचारायचा: घडी विस्कटली की धागा तुटला?

सेल बनवताना

यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत, म्हणून थोडक्यात. सक्रिय मटेरियल, कार्बन आणि पीव्हीडीएफ (चिकटवणारा पॉलिमर) ८०:१०:१० घेऊन एनएमपी या द्रावकात कालवा, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरा, १२० अंशांना निर्वातात रात्रभर सुकवा, ग्लोव्ह बॉक्समध्ये (हवा आणि ओल आत न येऊ देणाऱ्या पेटीत) सीआर २०३२ मापाचा कॉइन सेल बंद करा. निकेलवाली पावडर उघड्यावर ठेवू नका. ती हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेट बनवते आणि जास्त व्होल्टेजला तेच फुटून वायू सोडतं. मग तुम्ही दोष मटेरियलच्या रचनेला देता.

प्रत्येक व्होल्टेज मर्यादेसाठी किमान तीन सेल. एक सेल म्हणजे अफवा.

सायकलरच्या आकड्यांतून ऐकणं

महागडं उपकरण नसलं तरी सायकलरमधून (सेल चार्ज-डिस्चार्ज करत आकडे नोंदणारं यंत्र) संरचनेचं बरंचसं ऐकू येतं, फक्त चार्ज सावकाश करायला हवा. सी/२० घ्या, म्हणजे सेलची अख्खी क्षमता वीस तासांत भरेल एवढाच प्रवाह. इलेक्ट्रोडवर ५ मिलिग्रॅम सक्रिय मटेरियल असेल आणि ग्रॅममागे २०० एमएएच धरले तर सेलची क्षमता १ एमएएच, मग प्रवाह ०.०५ मिलिअँपिअर. एक चार्ज वीस तास चालतो. इथंच आपल्याकडची अडचण. वीस तासांत लाइट एकदा तरी जातेच. माझी एक अख्खी मालिका ४.४७ व्होल्टला लाइट गेल्यामुळे वाया गेली. सायकलरला यूपीएस होता, पण डेटा घेणाऱ्या संगणकाला नव्हता. दोघांनाही लावा.

मिळालेल्या डेटातून डीक्यू-डीव्ही आलेख काढा. व्होल्टेज दर ५ मिलिव्होल्टनं वाढताना किती चार्ज गेला, भागिले ते ५ मिलिव्होल्ट. एक्सेलमध्ये होतं. साध्या चार्ज आलेखात जिथं किंचित सपाटी असते, तिथं इथं शिखर उभं राहतं. दोन अवस्था एकत्र नांदत असतात तिथं व्होल्टेज अडतं आणि चार्ज जातच राहतो, म्हणून शिखर. एनएमसी ८११ मध्ये ४.२ जवळचं शिखर म्हणजे एच२-एच३. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडला ४.६ पर्यंत नेलंत तर ४.५५ जवळचं शिखर म्हणजे थरांचं सरकणं.

आता तेच शिखर पहिल्या, दहाव्या, पन्नासाव्या सायकलला एकावर एक काढा. तीन गोष्टी दिसू शकतात. शिखर जागेवर आहे पण बुटकं झालंय. शिखर चार्जला उजवीकडे आणि डिस्चार्जला डावीकडे सरकलंय. किंवा दोन्ही. सरकणं म्हणजे सेलचा अंतर्गत रोध वाढलाय. बुटकं होणं म्हणजे त्या बदलात भाग घेणारं मटेरियलच कमी झालंय. खात्री करायला पन्नासाव्या सायकलनंतर एक सायकल सी/५० नं चालवा. हरवलेली कपॅसिटी बहुतेक परत आली, तर मटेरियल जागेवर आहे आणि फक्त वाट अडली आहे. आलीच नाही, तर काही भाग कायमचा गेला. माझ्या मते या एका सायकलमधून जेवढं कळतं तेवढं घाईघाईनं काढलेल्या दहा एसईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोंतून कळत नाही.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन): शिखर कुठल्या बाजूला गेलं?

थर असलेल्या ऑक्साइडमध्ये तांब्याच्या क्ष-किरणांनी बघितलं की १८.७ ते १८.९ अंशांजवळ एक ठसठशीत शिखर येतं. त्याचं नाव ००३ आणि ते थेट थरांतलं अंतर सांगतं. सी अक्षाची लांबी भागिले तीन म्हणजे ते अंतर. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचं उदाहरण: सी १४.०५ असताना शिखर १८.९३ अंशांवर, थप्पी फुगून १४.४ झाली की १८.४७ वर, आणि पूर्ण रिकाम्या ओ-१ मध्ये २०.७ च्या आसपास. फुगलं की डावीकडे, दबलं की उजवीकडे. हे उलटं लिहिणारे मी दरवर्षी बघतो, एके काळी मीही त्यांतलाच होतो.

चार्ज केलेला इलेक्ट्रोड बाहेर काढून बघायचा असेल तर क्रम असा. ठरवलेल्या व्होल्टेजला पोचल्यावर लगेच थांबू नका. प्रवाह सी/५० पर्यंत उतरेपर्यंत तिथंच धरा, म्हणजे कणाचा गाभा आणि कडा एका पातळीला येतात. सेल ग्लोव्ह बॉक्समध्ये उघडा. डायमिथाइल कार्बोनेटनं हलकं धुवा, वाळवा, कॅप्टॉन टेपखाली (क्ष-किरण आरपार जाऊ देणारी प्लास्टिकची पट्टी) बंद करा. नमुना हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला न्यायचा असेल तर ग्लोव्ह बॉक्समध्येच ॲल्युमिनियमच्या थराच्या दोन पिशव्यांत सील करा आणि डब्यात सावलीत ठेवा.

सेल उघडताना स्टीलचा चिमटा वापरू नका. ४.५ व्होल्टला काढलेल्या माझ्या पहिल्या नमुन्याचं शिखर जवळजवळ ४ व्होल्टच्या जागी दिसत होतं. आठवडाभर मी ‘मटेरियल किती स्थिर आहे’ यावर परिच्छेद लिहीत होतो. नंतर लक्षात आलं, उघडताना चिमटा दोन्ही बाजूंना टेकला होता आणि सेल काही क्षण शॉर्ट होऊन डिस्चार्ज होत राहिला होता. प्लास्टिकचा चिमटा शंभर-दोनशेला मिळतो.

दुसरा सापळा फॉइलचा. ००३ आणि १०४ या दोन शिखरांच्या उंचीचं गुणोत्तर १.२ पेक्षा जास्त असेल तर निकेल-लिथियमची अदलाबदल कमी, असा एक ढोबळ नियम सगळे वापरतात. १०४ येतं ४४.४ अंशांजवळ आणि ॲल्युमिनियमचं एक शिखर ४४.७ ला. फॉइलसकट मोजलंत तर ॲल्युमिनियमची उंची १०४ च्या खात्यात जमा होते आणि चांगलं मटेरियल वाईट ठरतं. ६५ अंशांजवळ १०८ आणि ११० च्या जोडीपाशीही ॲल्युमिनियम आडवं येतं. पावडर खरवडून घ्या किंवा रिटवेल्ड (मोजलेला अख्खा आलेख रचनेच्या मॉडेलशी जुळवणं) करताना ॲल्युमिनियम दुसरी अवस्था म्हणून धरा. जीएसएएस-२ आणि फुलप्रॉफ हे दोन्ही प्रोग्रॅम फुकट आहेत. फॉइलचा एक उपयोगही आहे: चार्ज कितीही झाला तरी ॲल्युमिनियम बदलत नाही. त्याचीच शिखरं सरकलेली दिसली तर नमुना होल्डरमध्ये वर-खाली बसलाय, संरचना बदललेली नाही.

आणि एक मर्यादा. एक्सआरडी सगळ्या पावडरीची सरासरी सांगतो. पृष्ठभागावरचं काही नॅनोमीटरचं रॉक सॉल्ट कवच त्यात दिसतच नाही. पन्नास सायकलींनंतरचा एक्सआरडी नव्यासारखा आला म्हणून ‘संरचना अबाधित’ लिहिणं तितकंच चूक, जितकं पहिल्या घसरणीला ‘कोसळली’ लिहिणं. कवच बघायला टीईएम (पातळ नमुन्यातून आरपार बघणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) लागतो. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडसाठी रामनची (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून रचना ओळखणारी पद्धत) बरीच मदत होते. ४८५ आणि ५९५ सेंमी⁻¹ च्या जोडीशेजारी ६९० जवळ नवं शिखर उगवलं तर कोबाल्टचं स्पिनेल ऑक्साइड तयार झालंय.

चार्ज चालू असतानाच क्ष-किरण टाकायची इच्छा झाली तर इंदूरला राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन (फार तीव्र क्ष-किरण देणारं मोठं यंत्र) आहे, बाहेरच्या संशोधकांना अर्ज करून वेळ मिळतो. होळकरांचं नाव केगावच्या आपल्या सोलापूर विद्यापीठाला आहेच, इंदूर त्यांचंच.

कॅथोडला दोषी ठरवण्याआधी

दोन संशयितांना बाजूला काढल्याशिवाय निकाल लिहू नका. पहिला इलेक्ट्रोलाइट. आपण वापरतो ते कार्बोनेट द्रावक ४.३ ते ४.५ च्या पुढे ऑक्सिडाइझ व्हायला लागतात. त्यातलं क्षार ओल मिळाली की हायड्रोफ्लोरिक ॲसिड बनवतं आणि ते ॲसिड कॅथोडमधला धातू विरघळवतं. तपासायची सोपी युक्ती: थकलेल्या सेलमधला कॅथोड काढा, धुवा, नवीन लिथियम आणि नवीन इलेक्ट्रोलाइट घालून पुन्हा सेल बांधा. कपॅसिटी परत उसळली तर कॅथोडचा गुन्हा नव्हताच, लिथियमची चकती किंवा द्रव दमला होता. यावर एक अख्खा दिवस जातो आणि बहुतेक जण म्हणूनच हे करत नाहीत.

दुसरा संशयित आपलं हवामान. मे महिन्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर असतो आणि एसी नसलेल्या खोलीत सेल रात्री तीस अंशांना आणि दुपारी चाळिशीला चार्ज होतात. वर सांगितलेल्या सगळ्या नकोशा प्रक्रिया गरमीत वेगानं होतात. डिसेंबरातल्या सेलची मेमधल्या सेलशी तुलना करून ‘नवीन कोटिंगमुळे सुधारणा’ काढू नका. स्थिर तापमानाची पेटी नसेल तर निदान थर्मामीटर ठेवा आणि जुना व नवा नमुना एकाच आठवड्यात, शेजारशेजारच्या चॅनलवर लावा.

एवढं झाल्यावर उपायाकडे वळा, आणि उपाय दुखण्याप्रमाणे निवडा. थर सरकत असतील तर ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम किंवा टायटॅनियम थोड्या प्रमाणात आत मिसळतात. मोबाइलमधला कोबाल्टवाला कॅथोड ४.२ वरून पुढे गेला तो अशा मिश्रणामुळे, पृष्ठभागावरच्या लेपामुळे आणि सुधारलेल्या इलेक्ट्रोलाइटमुळे. पृष्ठभागच सडत असेल तर ॲल्युमिनासारखा पातळ लेप. लाडू तडकत असेल तर दाण्यांचा गोळा न करता सुटे, एकसंध स्फटिक बनवायचे. आणि दरवेळी ४.५ गाठायलाच हवं असंही नाही: एकाच बॅचचे बारा सेल करा, तीन-तीन सेल ४.२, ४.३, ४.४ आणि ४.५ ला लावा, शंभर सायकली होऊ द्या आणि प्रत्येक मर्यादेला शंभर सायकलींत मिळून एकूण किती एमएएच हाती आले त्याची बेरीज करा. पहिला महिना यातच जाईल, तेव्हा बारा चॅनलचं बुकिंग आजच करून ठेवा.